प्रत पाहावी कशी?

जालना जिल्ह्यात जुनी कॉमिक्स शोधायला निघालात तर ती बहुधा तीन ठिकाणी भेटतात. रद्दीच्या दुकानात, जिथे ती वजनावर जातात. दिवसाच्या भाड्याने पुस्तकं देणारी जी दुकानं पुढे टीव्हीच्या काळात बंद पडली, त्यांच्या मालकांच्या घरी. आणि फळीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या लग्नपत्रिका नि प्रगतिपुस्तकांच्या खाली. तिन्ही ठिकाणची कॉमिक्स वाचलेली असतात, आणि एकट्यादुकट्याने नव्हे, अख्ख्या गल्लीने वाचलेली असतात. कोपरे मुडपलेले, पिना गंजलेल्या, मुखपृष्ठ कुठे सुटलेलं, कुठे नाहीसंच झालेलं. जालना शहर असो, अंबड असो की भोकरदन, करकरीत प्रत हाती लागणं विरळाच. या पुस्तकात जे शिकायचं ते अशाच प्रतींवर शिकायचं आहे. कागदावर दिसणारा दोष ओळखायचा कसा, तो कुठून आला हे ताडायचं कसं, आणि त्यापायी प्रतीची किंमत किती आणि का उतरते ते समजून घ्यायचं कसं, हा या अभ्यासाचा गाभा.

नव्याने येणाऱ्याला पूर्वतयारी फारशी लागत नाही. दिवसाचा उजेड, मोजपट्टी, एक भिंग आणि धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. पैसे तर मुळीच लागत नाहीत, कारण पाहणं शिकण्यासाठी महागडी प्रत उपयोगाची नसते. जिच्यात एकही दोष नाही ती प्रत काय शिकवणार? शिकवते ती फाटकी.

आपल्याकडच्या ढिगात काय सापडतं हे आधी पाहू. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक काढला. त्यात वेताळ या बुरखाधारी नायकाची गोष्ट होती. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी साप्ताहिक असा प्रवास करत 1990 मध्ये ही मालिका थांबली तेव्हा 803 अंक निघून गेले होते. इंग्रजीसोबत मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ती वाचली गेली. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हे परदेशी पाहुणे. आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला बहादूर हा घरचा. दुसऱ्या बाजूला 1967 पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा. तिचा मराठीशी जवळचा संबंध होता. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांनी तिला रूप दिलं. तिसरा थर हिंदीचा. जालना 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं, बाजाराची बोली इथे मराठीइतकीच हिंदी-उर्दू. त्यामुळे राज कॉमिक्सचा नागराज आणि डायमंडचे चाचा चौधरी इथल्या मुलांना कधी परके वाटले नाहीत. नागराजच्या सुरुवातीच्या काळातली पुष्कळ चित्रंही याच प्रताप मुळीकांची. एका ट्रंकेत हे सगळं एकत्र निघतं, आणि त्याखाली मद्रासहून येणारे ‘चांदोबा’चे अंक.

हे सगळं वाङ्मय फेकून देण्यासाठीच छापलं गेलं होतं. प्रकाशकाचा हेतू वाईट नव्हता. मुलांच्या खिशाला परवडायचं तर वर्तमानपत्राच्या जातीचाच कागद वापरावा लागे. दोषांची चर्चा या कागदापासून सुरू होते.

वर्तमानपत्री कागद लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन राहून जातं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं, मग तपकिरी होतं. शिवाय कागदात आम्ल असतं. ते तंतूंचे लांब धागे तोडत जातं आणि कागद ठिसूळ होतो. पान वळवताना कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात येतो तो यामुळे. ही झीज कपाटात झाकून ठेवलेल्या प्रतीतही चालूच असते. आपण फक्त तिचा वेग कमी करू शकतो. उष्णता वाढली की वेग वाढतो, ओल वाढली की वाढतो, ऊन लागलं की फारच वाढतो.

जालन्याची हवा इथे एका अंगाने मदत करते आणि दुसऱ्या अंगाने मारते. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणाच्या मानाने फारच थोडा. रत्नागिरीकडून आलेल्या प्रतींवर बुरशीचे ठिपके आणि पिनांचा गंज जेवढा दिसतो तेवढा इथल्या प्रतींवर दिसत नाही. उलट उन्हाळा 40 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली, फळीवर, ट्रंकेत तो त्याहून जास्त असतो. त्यामुळे इथल्या प्रतीचा ठरलेला चेहरा असा: पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी, मधला भाग बराच उजळ, आणि शिवणीपाशी कागद मोडका. जुन्या माळवदाच्या घरातली प्रत तर लगेच ओळखू येते. माळवदातून झरणारी बारीक माती पानांच्या घडीत जाऊन बसलेली असते आणि पावसाळ्यात गळलेल्या एखाद्या थेंबाने तपकिरी काठाचं नकाशासारखं वर्तुळ उमटवलेलं असतं. डागाचा काठ मध्यापेक्षा गडद का? पाणी कागदातली विरघळलेली घाण वाहून नेतं आणि जिथे सुकतं तिथे सोडतं, म्हणून. हे कळलं की डाग पाण्याचा की तेलाचा, हा प्रश्न निम्मा सुटतो. तेलाच्या डागाला असा काठ नसतो, तो पान उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक दिसतो.

कोरड्या हवेचं महत्त्व या क्षेत्रात एका संग्रहामुळे सगळ्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाचे जाहिरातींचे चित्रकार राहत. ते वर्षानुवर्षं कॉमिक्स विकत घेत आणि घरात एकावर एक रचून ठेवत. 1977 मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याच्या हाती तो संग्रह आला: 18 ते 22 हजार अंक, त्यातले कित्येक 1930 आणि 40 च्या दशकांतले, आणि पानं पांढरीच्या पांढरी. डोंगराळ भागातली थंड, कोरडी हवा, अंधार, आणि स्वतःच्याच वजनाने सपाट दाबली गेलेली थप्पी, एवढ्याने हे साधलं. आज त्या संग्रहातली प्रत आहे एवढं सिद्ध झालं तरी भाव चढतो. आपल्याकडे कोरडेपणा आहे, थंडी नाही. म्हणून जालन्यातल्या संग्राहकाने पहिलं काम करावं ते ट्रंक फळीवरून खाली, घरातल्या सगळ्यात गार खोलीत आणण्याचं. त्याला खर्च शून्य.

आता प्रतवारीकडे. जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरताना व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओलावा, काडीकचरा, डागी दाणे पाहतो आणि आकडा बोलतो. कॉमिक्सची प्रतवारीही अशीच डोळ्यांनी आणि बोटांनी होते. फरक एकच, पण फार मोठा आहे. डागी दाण्याला उतारा कमी पडतो. मुडपलेल्या कोपऱ्याने गोष्ट कमी होत नाही. वेताळाचा ठोसा तेवढाच जोरात बसतो. मग भाव कोपऱ्याला का असावा? कारण संग्राहक गोष्टीचे पैसे देत नसतो, ती पुनर्मुद्रणातही मिळते. फेकण्यासाठी छापलेली वस्तू पन्नास-साठ वर्षांनीही छापखान्यातून निघाली तशी उरली, या अवघड घटनेचे पैसे तो देतो. जितकं न घडण्याजोगं, तितकं महाग. दोष म्हणजे त्या मूळ रूपापासूनचं अंतर.

हे अंतर मोजायची रीत अमेरिकेत घडली. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी 1970 मध्ये जुन्या कॉमिक्सच्या भावांचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक काढलं आणि ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘बरी’ या सैल शब्दांना हळूहळू ठरीव अर्थ आला. 2000 साली सीजीसी नावाची त्रयस्थ संस्था सुरू झाली. ती पैसे घेऊन प्रत तपासते, 0.5 ते 10 या पट्टीवर अंक देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवते. 9.4 ला जवळजवळ नवी मानतात, 8 म्हणजे फार चांगली, 6 चांगली, 4 ठीक, 2 कामचलाऊ, 0.5 केविलवाणी. डबीवरच्या चिठ्ठीचा रंगही बोलतो. निळी म्हणजे सरळ प्रत, जांभळी म्हणजे डागडुजी केलेली, हिरवी म्हणजे एखादा मोठा दोष वगळून पाहिलेली.

या पट्टीवर भाव सरळ रेषेत चढत नाही, हे नवशिक्याने पहिल्या दिवशी मनात पक्कं करावं. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या जून 1938 च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ क्रमांक 1 चं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याची 8 गुणांची एक प्रत 10 लाख डॉलरला विकली गेली. पुढच्याच महिन्यात 8.5 गुणांची दुसरी प्रत 15 लाखांना गेली. अर्ध्या गुणाचे पाच लाख डॉलर. हा अर्धा गुण डोळ्यांना कसा दिसतो? पाठीवर पिनांच्या जवळ दोन-चार केसासारख्या रेघा कमी, एखादा कोपरा अधिक टोकदार, रंगाची चमक थोडी जास्त. बस, एवढाच. वरच्या टोकाला प्रती मोजक्या असतात आणि घेणारे अनेक, म्हणून तिथे बारीकशी रेघही पैसे खाते. खालच्या टोकाला दोन गुणांच्या आणि अडीच गुणांच्या प्रतीत फारसं अंतर पडत नाही.

पण खालच्या टोकालाही दोष महाग पडू शकतो. त्याच अंकाची एक प्रत 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका जुन्या घराच्या भिंतीत सापडली. थंडी अडवायला भिंतीत कोंबलेल्या वर्तमानपत्रांत ती होती. घर दुरुस्त करणाऱ्या माणसाने ती बाहेर काढली, नातेवाइकांत ओढाताण झाली आणि मागचं मुखपृष्ठ फाटलं. प्रतीला 1.5 गुण मिळाले आणि ती 1,75,000 डॉलरला गेली. त्या एका फाटण्याने सुमारे 75,000 डॉलर गेले, असा विकणाऱ्यांचा अंदाज होता. वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यात 75 वर्षं तग धरली आणि बाहेर आल्यावर काही क्षणांत फाटली. ट्रंक उघडताना ही गोष्ट आठवावी आणि घरातल्या मुलांना प्रत हातात घ्यायची रीत आधी दाखवावी: तळहातावर आडवी ठेवून, पाठीला आधार देऊन, पान बाहेरच्या वरच्या कोपऱ्याला धरून.

एक प्रत जवळून पाहू. माझ्यासमोर सत्तरच्या दशकातला वेताळाचा एक मराठी अंक आहे. लांबून पाहिलं तर बरा दिसतो. चित्राचे रंग टवटवीत आहेत. हातात घेतल्यावर एकेक गोष्ट दिसू लागते. वरचा उजवा कोपरा बोटाच्या पेरभर दुमडलेला आहे आणि घडीवर शाई उडून पांढरी रेघ आली आहे. घडी आहे पण शाई शाबूत आहे, तर दोष हलका. शाई तुटली तर दोष पक्का, कारण ती रेघ आता कशानेही जाणार नाही. पाठीवर अशाच आडव्या बारीक रेघा आहेत, वाचताना मुखपृष्ठ मागे दुमडून धरल्याच्या. दोन पिनांपैकी वरची काळसर, खालची लालसर गंजलेली. गंज पिनेपुरता राहिलेला नाही, कागदात पसरला आहे आणि तिथला कागद इतका अशक्त झाला आहे की मधलं जोडपान खालच्या पिनेतून निसटलं आहे. जालन्यात, जिथे लोखंड वितळवून सळया ओढणारे कारखाने आहेत, गंज म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. पण कागदातला गंज थांबलेला नसतो, हे मात्र सांगावं लागतं.

आत पहिल्या पानावर भाड्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि शाईने घातलेला क्रमांक. आणखी दोन पानं उलटली की कुणीतरी वेताळाच्या बुरख्यावर निळं बॉलपेन फिरवलं आहे. शेवटच्या पानांतलं शब्दकोडं पेन्सिलीने अर्धं सोडवलेलं. एका पानावर लाल रंग ओठांच्या बाहेर सरकलेला दिसतो, तो मात्र वाचकाचा दोष नव्हे; छपाईत रंगांचे ठसे जुळले नाहीत की असं होतं. असे छापखान्यातून आलेले दोष प्रतवारीत सौम्यपणे पाहतात, कारण प्रत जन्मलीच तशी. पानं मोजली, सगळी आहेत. मोजणं विसरू नये. मधलं जोडपान गायब असलेली प्रत बाहेरून अगदी नीटस दिसू शकते.

अमेरिकी पट्टीवर हा अंक दोनच्या आसपास बसेल. सुटलेलं जोडपान, शिक्का, पेनाचे फराटे, गंज, सगळ्यांची बेरीज तेवढीच होते. आणि इथेच मला या पुस्तकाचं मुख्य म्हणणं मांडायचं आहे. ती पट्टी तिच्या जागी बरोबर आहे. पण आपल्या जिल्ह्यातल्या, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रातल्या मराठी प्रती तिच्यावर लावल्या तर त्या बहुतेक सगळ्या एक ते चारच्या दरम्यान गर्दी करतील आणि आकड्यावरून त्यांच्यात काहीच फरक कळणार नाही. कागद मोडकळीला आलेली, दोन वर्षांत चुरा होईल अशी दोन गुणांची प्रत, आणि कागद मजबूत पण शिक्क्यांनी भरलेली दोन गुणांची प्रत या एकच नव्हेत. म्हणून आकडा शेवटी; आधी दोषाचं नेमकं वर्णन, आणि त्या वर्णनात दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी. हा दोष प्रतीचं आयुष्य कमी करतो का? आणि हा दोष प्रत कशी वाचली गेली ते सांगतो का?

गंज, ओल, कसर, वाळवी, ठिसूळपणा हे पहिल्या प्रश्नाचे. शिक्का, नाव, अर्पण, सोडवलेलं कोडं हे दुसऱ्याचे. बाजार दोघांनाही वजाच करतो आणि विकत घेणाऱ्याशी प्रामाणिक राहायचं तर ते सांगितलंच पाहिजे. पण अभ्यासकासाठी तो जांभळा शिक्का मोलाचा कागद आहे. कोणत्या गावात, कोणत्या भाड्याने, कोणती कॉमिक्स फिरत होती याची दुसरी नोंद कुठेही नाही. सरकारमान्य ग्रंथालयांच्या दाखल नोंदवहीत सहसा ही पुस्तकं चढली नाहीत. मराठवाड्यातल्या मुलांच्या वाचनाचा इतिहास या शिक्क्यांतूनच लिहावा लागणार आहे. कुणी शिक्का खोडून, घासून, ब्लीच लावून काढताना दिसलं तर त्याला थांबवा. शिक्का तर पूर्ण जातच नाही, कागद मात्र पातळ होतो, आणि लपवाछपवीचा नवा दोष वर चढतो.

दुरुस्तीचं सगळं असंच आहे. घरोघरी प्रेमाने केलेल्या दुरुस्त्यांनी जेवढी कॉमिक्स बिघडली तेवढी वाचण्याने बिघडली नाहीत. सेलोटेप हा त्यातला सगळ्यात मोठा अपराधी. लावल्या दिवशी ती स्वच्छ दिसते. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होतो, पाझरून कागदात शिरतो, तिथला कागद मेणचटासारखा पारदर्शक करतो. मग वरचं प्लास्टिक वाळून आपोआप गळतं आणि मागे तपकिरी पट्टा उरतो, तो कायमचा. अमेरिकी प्रतवारीत चिकटपट्टी दुरुस्तीत धरत नाहीत, दोषातच धरतात, आणि ते योग्य आहे. पिठाची खळ त्यामानाने बरी, पाण्याने सुटते. पण तिच्यावर कसर आणि झुरळं येतात. फाटलेल्या जागी खळ असेल तिथे कागदाचा वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा दिसतो का ते भिंगाने पाहा. दिसला तर कसर येऊन गेली आहे, आणि शेजारच्या प्रतीही तपासायला हव्यात.

बाइंडिंगवर मात्र मला थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण ही खास आपली गोष्ट आहे. दहा-वीस अंक एकत्र करून बाजूने टोचे मारून शिवायचे, पुठ्ठा लावायचा, पाठीला कापड, आणि तिन्ही कडा कापून एकसारख्या करायच्या. ‘चांदोबा’चं वर्ष असो की इंद्रजालचा गठ्ठा, मराठी घरांत जपणं म्हणजे बाइंडिंग करणं असंच होतं. प्रतवारीच्या हिशोबाने यात तीन मोठे दोष एकदम होतात: टोच्यांची भोकं, कापलेल्या कडा, आणि कधी कधी आधीच काढून टाकलेली मुखपृष्ठं. कापलेली कड फसवी असते. ती ताज्या कापामुळे स्वच्छ, सरळ, पांढरी दिसते आणि नवशिक्या तिला चांगली प्रत समजतो. यावर उपाय मोजपट्टीचा. एकाच वर्षातले तीन-चार सुटे अंक मोजून त्यांची लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवा. बाइंडिंगमधून सुटलेली प्रत दोन-तीन मिलिमीटर तरी कमी भरते, आणि चित्राच्या चौकटीपासून कडेपर्यंतचं पांढरं अंतर एका बाजूला अरुंद दिसतं.

तरीही बांधीव खंड मोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्या प्रतींना भाव जास्त म्हणून विक्रेते खंड फोडतात. फोडताना पाठ फाटते, भोकं रुंदावतात, आणि मिळणारी प्रत कापलेलीच राहते. उलट बंद खंडात पानांना उजेड लागलेला नसतो, हवा कमी लागलेली असते. तीन-चार दशकं मिटून राहिलेल्या खंडातली रंगीत पानं पाहिली की छापखान्यात ते रंग कसे होते ते कळतं. सुट्या प्रतींत ते क्वचितच कळतं. खंडाची प्रतवारी खंड म्हणूनच करावी, त्यासाठी वेगळं प्रकरण पुढे दिलं आहे.

कापून घेतलेल्या तुकड्यांचा दोष बाहेरून दिसत नाही आणि म्हणून तो सर्वांत धोक्याचा. अमेरिकेत नोव्हेंबर 1974 च्या ‘हल्क’ क्रमांक 181 मध्ये वुल्व्हरिन हा नायक पहिल्यांदा पूर्णपणे आला. त्या काळात मार्व्हल कंपनी वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटं तिकिट छापत असे आणि मुलांनी ते कापून वहीत चिकटवावं अशी योजना होती. हजारो मुलांनी सांगितल्याप्रमाणे केलं. आज तो अंक विकत घेणारा पहिल्यांदा ते पान उघडून तिकिट आहे का ते पाहतो. नसेल तर बाकी प्रत कितीही लखलखीत असली तरी भाव कोसळतो. आपल्याकडे कूपन, चित्रं, वेळापत्रकाला किंवा वहीच्या पुठ्ठ्याला लावायला कापलेली पात्रं, हे सर्रास. म्हणून पानं मोजताना प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूही पाहाव्यात.

आणि दोष नसणं हेही कधी कधी संशयाचं कारण असतं. अमर चित्र कथा पुन्हापुन्हा छापली गेली, अनेकदा त्याच क्रमांकाने. मूळ मालिकेत ‘कृष्ण’चा क्रमांक 11 होता, कारण आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकराव्या अंकाची चकचकीत, पांढरीशुभ्र प्रत हाती आली तर आनंद मानण्याआधी मुखपृष्ठावरची किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि मागच्या पानावरची यादी पाहा. यादीत जर पुढच्या कित्येक अंकांची नावं असतील तर प्रत त्या अंकांनंतर छापलेली आहे. आधी आवृत्ती ओळखायची, मग दोष मोजायचे. क्रम उलटा केला तर मेहनत वाया जाते.

प्लास्टिकच्या डबीत बंद करण्याबद्दलही विचारलं जातं. मराठी प्रतींसाठी मला ते आज योग्य वाटत नाही. ज्या वाङ्मयाची पूर्ण सूची अजून तयार झालेली नाही, ज्याच्या अनेक अंकांचं एकही नीट छायाचित्र नाही, त्याची पानं कायमची मिटवणं हे घाईचं आहे. आधी प्रत्येक पानाचं छायाचित्र, मापं, वर्णन. मग पॉलिप्रॉपिलीनची साधी पिशवी आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा. बाजारातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पिशवी नको, ती शाई ओढून घेते.

ट्रंक उघडल्यावर हात शिवशिवतात ते काही करण्यासाठी, आणि पहिल्या आठवड्यात काही न करणं सर्वांत कठीण असतं. पुस्तकं उन्हात वाळवायची आपली जुनी सवय इथे मोडावी लागते. मराठवाड्याच्या वैशाखातला एक दिवस पानांना अनेक महिन्यांचा पिवळेपणा देऊन जातो. सावलीत, वारा असेल तिथे पसरा. कडुनिंबाचा पाला पानांमध्ये घालू नका, त्याचा ठसा कागदावर उमटतो. ट्रंकेच्या तळाशी, कापडात बांधून ठेवा. डांबरगोळ्या नकोत. इस्त्री नको. गंजलेली पिन उपटू नका, नवी पिन मारू नका, सुटलेलं पान जागच्या जागी ठेवून पिशवीत घाला.

मग पेन्सिल घ्या आणि नोंद लिहा. वर वर्णन केलेल्या अंकाची माझी नोंद अशी आहे: इंद्रजाल, मराठी, वेताळ, सुटी प्रत, कडा न कापलेल्या. सर्व पानं आहेत. मुखपृष्ठ जोडलेलं, वरचा उजवा कोपरा दुमडून शाई तुटलेली, पाठीवर आडव्या रेघा. दोन्ही मूळ पिना, खालची गंजलेली, मधलं जोडपान तिच्यातून सुटलेलं. कागद कडेला तपकिरी, मध्ये पिवळसर, अजून लवचीक. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आणि क्रमांक, एका पानावर बॉलपेन, शब्दकोड्यात पेन्सिल. दुरुस्ती नाही. आयुष्याला धोका: खालची पिन. गुण 2.